मगर बघायला

शाळेचा प्रकल्प: सरपटणारे प्राणी.
पालकांनी मदत करू नये,
असं वर्गाच्या ग्रुपवर आलं
आणि बेचाळीस आयांनी खाली अंगठे उठवले.
त्यात माझाही.

निहार म्हणाला, फोटो नको, खरी दाखव.
म्हणून रविवारी साडेआठला
आम्ही काळ्या घोड्याजवळच्या पुलावर.
मी, तो आणि झंखना,
जी मला नववीपासून ओळखते
आणि त्याला, तो चार तासांचा होता तेव्हापासून.
केदार रिफायनरीतून रात्रपाळी करून आलेला,
तोंडावर उशी घेऊन झोपलेला.
बाबाला उठवायचं नाही, हे निहारला आता सांगावं लागत नाही.
याचंही मला वाईट वाटतं.
हल्ली मला दुधाची पिशवी फुटली तरी वाईट वाटतं.

खाली विश्वामित्री, हिरवट, जाड,
विसरलेल्या चहासारखी साय धरून.
कुठाय? बघ ने मम्मा, कुठाय?
हा 'ने' त्याला शाळेत चिकटला,
मला झंखनाकडून.
पुण्याच्या मावशीला तो दोघांच्याही तोंडी खटकतो.

मी बोलत होते. मी नेहमीच बोलत असते.
रात्री तीनला ओली झालेली चादर,
मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून सोललेले मटार,
परत आलेला डबा, त्यात भेंडी जशीच्या तशी,
सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आणि त्यातला
"बारीक झालाय गं तो" हा एकच प्रश्न,
जो प्रश्नही नसतो.
म्हटलं, एक दिवस, फक्त एक दिवस
कोणी मला आई म्हणू नये.

झंखना हं म्हणाली.
पाण्यात एक ओंडका होता,
तो ओंडका नव्हता.

निहार ओरडला नाही. त्याने श्वास धरला
आणि मग कुजबुजत पाठ केलेलं सगळं सांगितलं:
मादी वाळूत अंडी घालते,
पिल्लं आतून हाका मारतात,
मग ती त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते.
एवढे दात असून? झंखनाने विचारलं.
एवढे दात असून, मासी.

तेव्हा मला दिसलं,
कठडा बुटका आहे, निहार टाचा उचलून वाकलाय
आणि त्याच्या शर्टाची पाठ
तिने मुठीत धरली आहे.
कधीपासून, कोण जाणे.
माझे दोन्ही हात बोलण्यात होते.

नदीकडेच बघत ती म्हणाली,
अहमदाबादला जाणं बंद केलं मी.
कधी?
दिवाळीच्या आधीच.

आता फेब्रुवारी.
चार वर्षं ती सकाळच्या गाडीने जायची,
पर्समध्ये फाइल, सुया, थेपल्यांचा डबा,
आणि परत येताना निहारसाठी काहीतरी.
मी शेवटचं कधी विचारलं होतं?
तू विचारायची होतीस असं ती म्हणाली नाही.
म्हणाली, तू बोल ने. मला तुझं ऐकायला आवडतं, खरंच.
घरात आवाज झाल्यासारखं वाटतं.

तोंडात आलं होतं बरंच.
होईल गं. दत्तक. देवाची इच्छा. तुला नाही कळणार,
मुलं म्हणजे नुसती कटकट.
एकही बाहेर सोडलं नाही.
गिळताही येईना.

मग आम्ही सेव उसळ खाल्ली, उभ्यानेच.
निहारने तिखट लागलं म्हणून
दोघींच्या प्लेटमधले पाव संपवले.
संध्याकाळी त्याने पुठ्ठ्याची मगर केली,
जबडा इतका मोठा की शेपटीला पुठ्ठा उरला नाही.
आत कापसाची तीन पिल्लं.
'मदत कोणी केली' या रकान्यात
त्याने लिहिलं: मासीने पकडलं होतं.
बाईंना हे कळणार नाही.
मी खोडलं नाही.

तो झोपल्यावर फोन लावला.
बोल, ती म्हणाली, आज काय झालं?
म्हटलं, काही नाही. तू सांग.
ती गप्प.
मग म्हणाली, थांब हां, गॅस बंद करून येते.
मी फोन कानाशी धरून बसले.
तिच्या स्वयंपाकघरात कुठेतरी
भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.